पिंग्यावरचा राग

मंडळी, परवा टीव्हीवर 'बाजीराव मस्तानी' पुन्हा लागला आणि आपल्या इंदुरी घराघरांत पुन्हा तेच सुरू झालं, काशीबाई नाचतीलच कशा! २०१५ साली मीही तावातावानं हेच बोललो होतो. पेशव्यांची पत्नी अशी नाचणार नाही, हे खरंच. पण आता माझी तक्रार वेगळी आहे.

सिनेमा राऊंच्या मरणाशी संपतो. काशीबाईंच्या वाट्याला काय, तर नवऱ्यासाठी झुरणं, आणि त्यालाच त्याग म्हणायचं. अहो, ती बाई खरी दिसते ती पुढं! १७४० मध्ये राऊ गेले, पाठोपाठ मस्तानी गेली. मागं उरला समशेर बहाद्दर, सहा-एक वर्षांचा पोर. ज्याची मुंज लावायला ब्रह्मवृंद तयार झाला नाही, त्याला काशीबाईंनी पोटच्या मुलासारखा वाढवला. सवतीचं लेकरू पदराखाली घ्यायचं, तेही पुण्यातल्या त्या वातावरणात! पुढं १७६१ मध्ये तो पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि जिवाला मुकला. याला सिनेमात जागा नाही, पिंग्याला मात्र अख्खं गाणं.

आणि आपलं काय? राऊंची समाधी रावेरखेडीला, नर्मदेकाठी. इंदूरहून सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. पिंग्यावरून चिडणाऱ्यांपैकी किती जण तिथं गेलेत? मी गेलो तो रिटायर झाल्यावर. नोकरीत असताना खरगोनकडचे इतके दौरे केले, पण एकदाही वाट वाकडी केली नाही.