भाकरी मागितली, ती बडबड ठरली

'बॅरागुइन'. इंग्रजीत आता कुणी वापरत नाही असा शब्द. अर्थ : न कळणारी, वेडगळ बडबड. इंग्रजीने तो फ्रेंचमधून घेतला. फ्रेंचमध्ये कुठून आला याबद्दल वाद आहेत, पण नेहमी सांगितली जाते ती गोष्ट ब्रिटनीची. ब्रेटन भाषेत 'बारा' म्हणजे पाव, 'ग्विन' म्हणजे वाइन. परमुलखात भुकेला ब्रेटन माणूस खायला-प्यायला मागत होता. ऐकणाऱ्यांना कळलं नाही, म्हणून वेडगळ तो ठरला.

आपण वेगळे नाही. 'बर्बर' हा शब्दही परक्याचं बोलणं कानाला 'बरबर' लागलं म्हणूनच आला.

मी नंदुरबारचा, घरी अहिराणी. पुण्यात हॉस्टेलवर आईला फोनवर "माले भूक लागनी" म्हणालो, तर रूमवर आठवडाभर माझी नक्कल चालली. संताप झाला. मग शाळा आठवली. धडगावकडचा एक पावरी बोलणारा मुलगा आमच्या वर्गात होता. तो तोंड उघडायचा आणि आम्ही हसायचो. सर म्हणायचे, "नीट बोल." नीट म्हणजे मराठीत. वर्ष संपेपर्यंत तो बोलायचाच थांबला. हसणाऱ्यांत मी होतो.

हा फक्त पोरांचा वात्रटपणा नाही. २०११च्या जनगणनेत पावरी, मावची वगैरे धरून भिली गटाचे भाषक १ कोटी ४ लाख. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत भिली नाही. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१, संस्कृत आहे. संस्कृतशी माझं भांडण नाही. पण मग निकष कोणता?

"मराठी आल्याशिवाय पोरांचं पुढे कसं होणार?" असं लोक विचारतात. मराठी शिकवाच. पण पहिलीतल्या सहा वर्षांच्या पोराने आधी शिक्षकाची भाषा शिकायची, की पगारी शिक्षकाने पोराची? भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, अशी तरतूद घटनेच्या कलम ३५०-अ मध्ये १९५६पासून आहे. सातपुड्यात नेमणूक देताना पावरी, मावची येते का, हे विचारायला अजून किती वर्षं लागणार?

'मला कळत नाही' ही माझी अडचण आहे. ती समोरच्याच्या अकलेवर ढकलणं आता बंद करू. त्या मुलाला कदाचित तेव्हा फक्त पाणी हवं होतं.