नस कापली, पण कोणती?

संक्रांतीच्या संध्याकाळी नागपुरातल्या कोणत्याही अपघात विभागात मांजाच्या दोन तऱ्हेच्या जखमा येतात. गळा कापलेले दुचाकीस्वार आणि बोटे कापलेली मुले. पहिल्यांच्या बातम्या होतात, त्या व्हायलाच हव्यात. दुसऱ्यांना तीन टाके, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या देऊन घरी पाठवले जाते. या दुसऱ्या जखमेत एखाद्याचा हात जन्मभरासाठी अधू होऊ शकतो.

रुग्णाचे नातेवाईक सांगतात, ‘डॉक्टर, नस कापली.’ मराठीत आपण रक्तवाहिनीला नस म्हणतो, मज्जातंतूलाही नस म्हणतो आणि स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पांढऱ्या दोरीला, म्हणजे कंडरेलाही नसच म्हणतो. रक्तवाहिनी कापली की रक्त वाहते आणि सगळे धावतात. मज्जातंतू कापला की बोट बधिर होते. कंडरा कापली तर त्या क्षणी फारसे काही जाणवत नाही. रक्त थांबले की जखम किरकोळ वाटते.

आपल्या बोटांत स्नायू नाहीत. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि बोटे हलवा. हालचाल तिथे जाणवेल. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू तिथे आहेत आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातून, तळहातातून बोटांत येतात. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला अशा दोन दोऱ्या. वरची दोरी मधल्या पेरापर्यंत जाते, खालची पार टोकाच्या पेरापर्यंत. गंमत अशी की बोटाच्या मुळापुढे वरची दोरी दुभंगते आणि खालची त्या फटीतून पुढे निघते. शरीररचनाशास्त्राच्या वर्गात हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा कोणी तरी मुद्दाम ओवल्यासारखे वाटले होते.

या दोन्ही दोऱ्या एका अरुंद नळीतून सरकतात. नळीवर जागोजागी मजबूत कडी आहेत. ती दोरीला हाडाजवळ धरून ठेवतात. नाहीतर मूठ वळताना दोरी धनुष्याच्या दोरीसारखी उचलली गेली असती. लेंग्याची नाडी तुटल्यावर काय होते ते आठवा. टोक नेफ्यात आत जाते आणि ओढून काढता काढता पुरेवाट होते. कापलेल्या कंडरेचेही तसेच. स्नायू तिला मागे खेचतो आणि टोक तळहातात जाऊन बसते.

नायलॉन मांजाच्या जखमेत आणखी एक फसवणूक आहे. सुती मांजा ताण आला की तुटतो, नायलॉनचा तुटत नाही, करवतीसारखा घासत जातो. त्या वेळी मूठ वळलेली असते. आपण जखम तपासतो ती मात्र बोट सरळ करून. बोट सरळ झाले की कापलेला भाग पुढे सरकतो आणि जखमेच्या तोंडाशी अखंड पांढरी दोरी दिसते. डॉक्टरला वाटते, सुटलो.

मी स्वतः असा फसलो आहे. इंटर्न असताना चहाच्या टपरीवर ग्लास धुणाऱ्या एका मुलाच्या अनामिकेला टाके घातले. ‘बोट वाकव’ म्हटले, त्याने वाकवले. वरची दोरी शाबूत असल्याने बोट मधल्या सांध्यात वाकत होते. टोकाचे पेर वाकते का, हे मी पाहिलेच नाही. दीड महिन्याने तो परत आला. जखम सुंदर भरली होती. ‘साहेब, कपबशी सुटते हातातून,’ एवढेच म्हणाला. मधले पेर धरून टोक वाकवायला सांगायला दहा सेकंद लागली असती.

जुन्या पिढीतल्या शल्यचिकित्सकांनाही या नळीची धास्ती होती. अमेरिकेतील स्टर्लिंग बनेल यांनी, जिथे दोन्ही दोऱ्या दाटीने एकत्र धावतात त्या पट्ट्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले. तिथे लगेच कंडरा शिवू नका, कातडी बंद करा, नंतर दुसरी कंडरा आणून बसवा, असा त्यांचा सल्ला होता. कारण शिवलेली दोरी नळीला चिकटून बसे. 1960 च्या दशकात स्वित्झर्लंडचे क्लॉड व्हर्डन आणि अमेरिकेतील हॅरॉल्ड क्लायनर्ट यांनी दाखवून दिले की तिथेही सुरुवातीलाच शिवता येते. क्लायनर्ट यांनी शिवलेले बोट रबर बँडच्या साहाय्याने लवकर हलते ठेवले.

आजही निम्मे काम शिवण्यात आणि निम्मे हलवण्यात आहे. हलवले नाही तर चिकटते, जोर लावला तर तुटते. म्हणून साधारण सहा आठवडे हातामागे पट्टी आणि व्यायामतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ठरावीक हालचाल. जड काम सुमारे तीन महिन्यांनंतर. रोजंदारीवर जाणाऱ्याला हे सांगणे सोपे, पाळणे अवघड. दर आठवड्याला एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? आपली सरकारी व्यवस्था शस्त्रक्रिया मोजते, त्यानंतरचे व्यायाम मोजत नाही. ही तक्रार मी आतला माणूस म्हणून करतो आहे.

राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरी जानेवारीत तो चक्रीवर असतोच. बंदी राबवणे पोलिसांच्या आणि महापालिकेच्या हातात आहे. पण अपघात विभागातल्या केसपेपरवर ‘प्रत्येक बोटाचे दोन्ही सांधे वाकवून पाहिले’ अशी एक ओळ सक्तीची करणे आमच्याच हातात आहे. त्याला निधी लागत नाही.

तुमच्या घरी असे झाले तर हळद-कॉफी भरू नका, अंगठी काढा, स्वच्छ कापड दाबून हात उंच धरा. मग हात सैल सोडून बघा. निरोगी हातात तर्जनीपासून करंगळीपर्यंत बोटे क्रमाने अधिकाधिक वाकलेली दिसतात. एखादेच बोट सरळ पडले असेल, टोक वाकत नसेल, वाकवताना फार दुखत असेल किंवा बोट बधिर वाटत असेल, तर टाके पडलेले असले तरी त्याच आठवड्यात हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. महिना उलटला की स्नायू आखडतो, नळी मिटते. मग अनेकदा मनगटाजवळची जास्तीची कंडरा काढून, कधी दोन टप्प्यांत, काम करावे लागते. ती जास्तीची कंडराही प्रत्येकाला नसते. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा; मधोमध दोरी उठली, तर तुमच्याकडे आहे.