जपानीला जाताना इंग्रजीचा वळसा कशाला?

जपानी शिकायच्या अ‍ॅपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेऊ का, असं मला महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: नको. घरी मराठी बोलत असाल तर मुळीच नको. (मी स्वतः जपानी शिकवते, तेव्हा यात माझा स्वार्थ आहे असं खुशाल म्हणा. पण पुढचं वाचून म्हणा.)

ही अ‍ॅप्स जपानी शिकवतात ती इंग्रजी माणसाला. क्रियापद शेवटी येतं हा त्याला पहिला धक्का, विभक्ती नामाच्या मागे लागते हा दुसरा. म्हणून सुरुवातीचे कितीतरी धडे शब्दांचे ठोकळे क्रमाने लावण्यात जातात. ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु’ म्हणजे ‘मी भात खाते’. क्रम तोच. आपण ठोकळे डोळे मिटून लावतो, हिरवी खूण येते, टाळ्या वाजतात आणि वाटतं, जपानी येतंय. येत असते ती मराठी.

आणि जिथे मराठी खरोखर कामाला आली असती, तिथे तिला दाराबाहेर उभं करतात. ‘मिरु’ म्हणजे बघणे, ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, ‘कात्ते ओकु’ म्हणजे विकत घेऊन ठेवणे. ‘कुरु तो इत्ता’: येतो म्हणाला. ‘इइ देसु ने’: छान आहे ना! आईच्या तोंडून रोज ऐकलेली ही वाक्यरचना अ‍ॅप इंग्रजीतून नवा नियम म्हणून पाठ करायला लावतं. लिपीचंही तेच. हिरागानाचा तक्ता अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा चालतो, कारण ती मांडणीच बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे गेली. ती आपण रोमन अक्षरांतून शिकायची, तेही पैसे मोजून!

मग अवघड काय? कांजी. नेहमीच्या वापरातल्या म्हणून जपान सरकारने ठरवलेल्या यादीतच 2,136 आहेत. त्या लक्षात राहायला ठरावीक अंतराने उजळणी लागते, आणि ती सॉफ्टवेअर माणसापेक्षा चांगली करून घेतं, हे मान्य. पण त्यासाठी ‘अंकी’ आहे. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट. धडे हवेत तर जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ ऑडिओसकट फुकट उतरवून घेता येतं.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे समोर कोण आहे ते बघून बोलणं. आपल्याकडे ‘जेव’चं ‘जेवा’ केलं की भागतं. तिथे क्रियापदच बदलतं: साहेब खातात तेव्हा ‘मेशिआगारु’, मी नम्रपणे खाते तेव्हा ‘इतादाकु’. चार पर्यायांतून एक निवडून हे अंगवळणी पडत नाही. चुकल्यावर क्षणभर थांबून ‘असं नाही म्हणत’ सांगणारं माणूस लागतं.

हा नुसता हौसेचा प्रश्न असता तर मी एवढी चिडले नसते. 2019 पासून जपानने कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला आणि 2021 मध्ये भारताशी त्याचा करार झाला. त्यासाठी साधारणपणे जेएलपीटीची एन4 पातळी किंवा तिच्या तोडीची परीक्षा लागते. वृद्धांची शुश्रूषा, हॉटेल, शेती अशा कामांसाठी जायची स्वप्नं बघणारी मुलं चारशे दिवसांची स्ट्रीक दाखवतात आणि विचारतात, ‘मॅडम, एन4 निघेल ना?’ एन4 ला 180 पैकी 90 गुण लागतात, ऐकण्याच्या भागात किमान 19 वेगळे. तिथे आवाज एकदाच वाजतो. पुन्हा ऐकायचं बटण नसतं. आणि बोलण्याची परीक्षाच नसल्याने, पास झालेलं पोरही आजारी आजोबांसमोर उभं राहिल्यावर गप्प होऊ शकतं.

गावात क्लास नाही, असं कुणी म्हणेल. खरंय. पण सबस्क्रिप्शनचे पैसे आहेत ना? मग त्यात जमतील तेवढे तास व्हिडिओ कॉलवर शिकवणाऱ्या माणसाचे घ्या, महिन्यातून दोन का होईनात. मधल्या दिवसांत ‘अंकी’ आणि ‘इरोदोरी’. त्या तासाला फक्त बोला, चुका आणि नोंदी मराठीतच काढा.