हवाच तर आहे!

स्पर्धेला किंवा डायव्हिंगला निघालेल्या मंडळींचा विमानतळावरचा युक्तिवाद ठरलेला : "साहेब, यात गॅस नाही, नुसती हवा आहे!" तरीही सिलिंडर अडवला, की सिक्युरिटीवाल्याच्या नावाने खडे फोडायला आपण मोकळे.

मित्रहो, आपण इंजिनिअरिंगवाले. आधी गणित करू. स्कुबाची १२ लिटरची टाकी २०० बारला भरली, की तिच्यात सुमारे २४०० लिटर हवा बसते. वजन जवळजवळ तीन किलो! ती एकदम सुटली तर अ‍ॅडियाबॅटिक सूत्राने साधारण साडेचारशे किलोज्यूल ऊर्जा निघते. एक टनाची गाडी ताशी शंभराच्या वर पळताना असते तेवढी. कसली आलीय नुसती हवा?

"वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होऊन टाकी फुटते" हेही खरं नाही. बाहेर अगदी निर्वात पोकळी असली तरी फरक १ बारचाच. खरी भीती आगीची, आपटण्याची, व्हॉल्व्ह तुटण्याची. म्हणून "ट्रेनने नेऊ, तिथे कोण बघतो" हा होस्टेलचा रामबाण उपायही नको. बर्थखाली टाकी तेवढीच धोक्याची.

मग रिकामा सिलिंडर का अडवतात? कारण बाहेरून भरलेला आणि रिकामा सारखाच दिसतो. अमेरिकेत टीएसए व्हॉल्व्ह पूर्ण काढायला लावते, आत डोकावून बघता यावं म्हणून. आपल्या शब्दावर कुणी विमानभर माणसांचा जीव का टांगावा?

डायव्हिंगवाल्यांनी टाकी न्यावीच कशाला? तारकर्लीला डाइव्ह सेंटरवर टाक्या मिळतात. मास्क, रेग्युलेटर न्या, बस्स. एअर रायफलवाल्यांची गोष्ट वेगळी. सिलिंडर त्यांच्या रायफलच्याच मापाचा लागतो, शिवाय आयएसएसएफच्या नियमाने त्याचं आयुष्य जास्तीत जास्त १० वर्षं. तो न्यावाच लागतो. तर मग पूर्ण रिकामा करा, रायफलपासून सुटा करा आणि एअरलाइनला आधीच लेखी विचारा.

पण सगळा भार खेळाडूवरच का? स्पर्धेच्या पत्रकात संचलनाच्या गणवेशाचा रंगसुद्धा छापतात. मग हवा २०० बारला भरून मिळेल की ३०० ला, अ‍ॅडॅप्टर कोणता, हे दोन ओळींत का छापू नये? आपल्या जिमखान्याने पुढच्या स्पर्धेपासून सुरुवात करावी. रिकामा सिलिंडर आणणाऱ्याला तिथे हवा नक्की मिळणार असेल, तर भरलेला लपवून आणायची बुद्धी कुणाला होईल?