यीस्ट निवडताना आधी थर्मामीटर पाहा

हातभट्टी म्हटले की उपनगरवासीयांना मालाडची मालवणी आठवते. जून २०१५ मध्ये तिथे विषारी दारूने शंभरावर बळी घेतले. पण ते विष म्हणजे दारूत मिसळलेले मिथेनॉल होते. बार्लीच्या बिअरमध्ये यीस्टमुळे मिथेनॉल जवळजवळ तयारच होत नाही. हौसेने घरी इंग्लिश एल करू पाहणाऱ्यांचा धोका वेगळा आहे.

एलचे द्रवरूप यीस्ट म्हणजे जिवंत पेशी. लसीप्रमाणे ते थंडाव्यात जपावे लागते; अंधेरी ते मुलुंड भर उन्हात फिरलेल्या पाकिटातल्या अनेक पेशी मरतात. उरलेल्यांना आंबवण्यासाठी साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस तापमान लागते. मे महिन्यात आपल्या घरात पारा ३० च्या पुढे असतो. त्या उष्णतेत नको ती जड अल्कोहोल तयार होतात आणि बिअरला थिनरसारखा वास येतो.

त्यातच अनेक इंग्लिश वाण साखर पूर्ण संपण्याआधीच तळाशी बसतात. काम झाले समजून बाटल्या भरल्या, की आत आंबणे पुन्हा सुरू होते, वायू कोंडतो आणि काच फुटते. एक तुकडा डोळा घालवायला पुरेसा असतो.

म्हणून उष्ण शहरात यीस्टची निवड चवीआधी तापमानावर व्हावी. द्रवरूपापेक्षा कोरडे, उष्णता सोसणारे यीस्ट शहाणपणाचे. मात्र महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे गुन्हा आहे. त्यामुळे ही निवड थंड टाक्या असलेल्या परवानाधारक मायक्रोब्रुअरींवर सोडावी. घरच्या यीस्टने पाव फुगवावा.