आधी तुरटी, मग पावडर

बँकेत असताना कर्जवसुलीच्या निमित्ताने सुरगाणा तालुक्यातील पाड्यांवर हिंडावे लागे. एकदा श्रावणात एका घराच्या ओटीवर टेकलो. घरच्या आजीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पाणी झिऱ्याचे आहे, असे आवर्जून सांगितले. विहिरीत औषध टाकले होते. त्याचा वास येई, म्हणून घरात ते पाणी कुणी पीत नव्हते. पाहुण्याला त्यांनी आपल्या मते चांगलेच पाणी दिले होते.

तो तांब्या अलीकडे पुन्हा आठवला. सकाळी फिरायला येणारे एक मित्र विचारत होते, ‘क्लोरीनच्या पाण्याने कर्करोग होतो म्हणे. खरे का?’

प्रश्न पोकळ नाही. १९७४ साली हॉलंडमधील रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिले की, क्लोरीन घातलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडे तयार होतात. या कुटुंबाला ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. त्यांना ना रंग, ना ओळखू येण्याजोगा वास. आजीबाईंना खटकला तो वास क्लोरीनचा. हा पाहुणा निराळा. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्याचा आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा संबंध काही पाहण्यांत आढळला आहे. अमेरिकेने १९७९ मध्ये या द्रव्यांवर मर्यादा घातली. आपल्या २०१२ च्या भारतीय मानकातही क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे.

मग क्लोरीन बंद करायचा का? इथे बँकेतला जुना हिशेब कामी येतो. एक देणे आजचे असते, एक वीस वर्षांनी फेडायचे. आजचे थकले तर वीस वर्षे पाहायला खातेदारच उरत नाही. १९९१ साली पेरू देशात पटकी पसरली. वर्षभरात ३ लाखांवर माणसे आजारी पडली आणि सुमारे ३ हजार दगावली. अनेक ठिकाणच्या पाण्यात पुरेसा क्लोरीन नव्हता, हे त्यामागचे एक कारण. उपद्रव्यांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच बजावते.

पण हे दूरचे देणे कमी करता येते, आणि त्याची किल्ली सुरगाण्यासारख्या मुलखातच सापडते. क्लोरीन एकटा ही द्रव्ये बनवत नाही. त्याला कुजलेला पालापाचोळा लागतो. सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो, आणि कठडा नसलेल्या विहिरीत डोंगरउतारावरचे गढूळ पाणी पानांच्या अर्कासह उतरते. त्यात अंदाजाने पावडर ओतली की जंतू पुरते मरत नाहीत, कारण बराचसा क्लोरीन तो गाळच खाऊन टाकतो. उलट उपद्रव्ये मात्र वाढतात. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. उघड्या पोत्यात तो उडून जातो, मग अंदाज आणखी चुकतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. विहिरीला कठडा आणि भोवती फरसबंदी. घरी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे, वरचे पाणी चार पदरी फडक्यातून गाळावे, मगच मोजून औषध घालावे आणि निदान अर्धा तास थांबावे. मोठ्या शहरांची जलशुद्धीकरण केंद्रेही हाच क्रम पाळतात.

डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्यातील काही गावांनी सोयींअभावी गुजरातेत जाण्याची भाषा केली, तेव्हा महाराष्ट्र क्षणभर दचकला. २०१९ पासून जलजीवन मिशनच्या नळांचीही चर्चा आहे. नळ आला की काम संपले, असे समजू नये. त्यामागे गाळणी आहे का, पावडर मोजून पडते का आणि पावसाळ्यात पाणी तपासले जाते का, हे ग्रामसभेत विचारले पाहिजे. शहरातल्या आपणही आपल्या पालिकेला हेच विचारावे.

त्या दिवशी मी झिऱ्याचे पाणी मुकाट्याने प्यालो. आजीबाईंना वासामागचे कारण समजावून सांगायला हवे होते. ते काम माझे नाही, असे वाटले होते.