कच्चं लिंबू आणि रडीचा डाव

दीड महिना झाला, ब्लॉगवर काही लिहिलं नाही. विषय होता, पण घरातलाच असल्यामुळे लिहावा की नाही ते ठरत नव्हतं. परवा ताईचा फोन आला. "तू आणि हे रविवारी एकत्र खेळत नाही म्हणे? एवढ्याशा बॉलवरून?" तेव्हा म्हटलं, आता लिहायचंच. भावोजी माझा ब्लॉग वाचत नाहीत असं सांगतात, पण प्रत्येक पोस्टनंतर दोन दिवसांत त्यातल्या चुका फोनवर कळवतात. त्यामुळे हेही पोचेलच.

ज्यांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही (म्हणजे आमचं जवळजवळ सगळं खानदान) त्यांच्यासाठी थोडक्यात. अठरा खड्डे असतात. प्रत्येक खड्ड्यात बॉल किती फटक्यांत जायला हवा ते ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. सगळ्यांची बेरीज साधारण ७२ होते. आमच्यासारख्या रविवारच्या खेळाडूंचे शंभर होतात, एकशेदहा होतात. नव्वदच्या आत कुणी आलं तर पार्टी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रविवारी आमच्यावर नजर ठेवायला ना अंपायर असतो ना रेफरी. फटके ज्याचे त्याने मोजायचे.

तर झालं असं. सातव्या होलवर भावोजींचा पहिला बॉल कुंपणाबाहेर गेला. "मुलिगन!" असं ओरडून त्यांनी दुसरा मारला. (मुलिगन म्हणजे 'हा फटका झालाच नाही असं समजा'.) तो करवंदीच्या जाळीत हरवला. पुन्हा मुलिगन. तिसरा मात्र झकास बसला, फेअरवेच्या मधोमध. मग दोन फटक्यांत ग्रीनवर, एक पट, आणि उरलेल्या तीन फुटांसाठी "हा गिमी धरू" असं म्हणून बॉल उचलून खिशात. कॅडीला म्हणाले, "पाच लिही."

हरवलेल्या आणि बाहेर गेलेल्या बॉलला एकेक दंड पडतो. नियमाप्रमाणे तिसरा बॉल मारला तेव्हा त्यांचा पाचवा फटका चालू होता. पुढचे धरून झाले नऊ. नवाचे पाच! हरलेल्याने सगळ्यांचा नाश्ता द्यायचा असं आमचं ठरलेलं असतं, आणि त्या दिवशी तो आमच्यातल्या एका बिचाऱ्याने दिला. त्याने मुकाट्याने आपले सगळे एकशेअकरा फटके मोजले होते. मला राहवलं नाही. इडलीच्या टेबलावर मी ते नऊ मोठ्याने मोजून दाखवले.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. "आपण काय टायगर वुड्स आहोत का?" "मित्रांमध्ये कसला हिशोब?" "आला मोठा हरिश्चंद्र!"

आता माझं म्हणणं नीट ऐका. कुणी कसं खेळावं याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. आमच्यात एक जण प्रत्येक फटक्याआधी सहा वेळा हवेत बॅट फिरवल्यासारखा क्लब फिरवतो, एक दुर्बिणीतून अंतर मोजतो आणि मग बॉल वीस यार्डांवर मारतो. एक पैलवान आहे, त्याच्या बॅगेतून ड्रायव्हरशिवाय काही बाहेरच येत नाही. मी स्वतः भित्रा. पाणी दिसलं की छोटा क्लब काढून अलीकडेच बॉल ठेवणारा. यात बरोबर-चूक काही नसतं. १९८७ साली म्युअरफील्डला निक फाल्डोने ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल्सवर पार केले. ना एक कमी, ना एक जास्त. लोकांना कंटाळवाणं वाटलं असेल, पण करंडक त्याच्या घरी गेला. त्याच्या आठ वर्षं आधी सेव्ह बायस्तेरोसने रॉयल लिदमला शेवटच्या दिवशी सोळाव्या होलवर बॉल चक्क गाड्या उभ्या केल्या होत्या तिथे मारला, तिथून बर्डी केली आणि तोही जिंकला. जिम फ्युरिकचा स्विंग बघितलात तर वाटेल की माणूस छत्री मिटायच्या प्रयत्नात आहे, पण २०१६ मध्ये याच स्विंगने त्याने एका दिवशी ५८ फटक्यांत राउंड संपवला. पीजीए टूरवर तोवर ते कुणालाच जमलं नव्हतं.

तेव्हा कसं मारता हा ज्याचा त्याचा प्रश्न. किती मारले हा मात्र सगळ्यांचा प्रश्न आहे, कारण त्या आकड्यावर माझा नाश्ता अवलंबून आहे :-)

"मजा करायला येतो रे" या युक्तिवादाचा मला सगळ्यात जास्त राग येतो. अहो, मजा करा ना! कार्ड ठेवू नका. हवा तेवढा वेळ बॉल मारा, झाडं बघा, मोर बघा, घरी जा. पण मजेसाठी आलो म्हणायचं, आणि संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर '९४!!' असं उद्गारचिन्हांसकट टाकायचं, याला काय म्हणायचं? लहानपणी वाड्यात आपल्याकडे यासाठी नेमका शब्द होता. रडीचा डाव.

आणि गंमत अशी की वाड्यात दुसराही एक शब्द होता. कच्चं लिंबू. आपण विटीदांडू किंवा लगोरी खेळायचो तेव्हा शेंबडी धाकटी भावंडं मागे लागायची. त्यांना खेळात घ्यायचं, पण ती आउट झाली तरी आउट नाहीत. हे डाव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांगून व्हायचं, आणि कुणाचीच हरकत नसायची. कच्च्या लिंबाला त्यात कमीपणा नव्हता, उलट फुशारकी असायची.

गोल्फ हा कच्च्या लिंबांची इतकी काळजी घेणारा खेळ आहे की बाकी कुठे असं बघायला मिळणार नाही. हँडिकॅप म्हणजे दुसरं काय? तुमच्या शेवटच्या वीस राउंडांपैकी सगळ्यात चांगल्या आठांवरून तो काढतात. तो वीस असेल तर वीस फटके तुम्हाला माफ, आणि चार हँडिकॅपवाल्या माणसाशी तुम्ही बरोबरीने खेळू शकता. क्रिकेटमध्ये आहे असं? तेंडुलकरसमोर मला चाळीस धावा आधीच मिळाल्यात असं कधी होईल का?

तेवढ्यानेही रडू येत असेल तर स्टेबलफर्ड आहे. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या एका डॉक्टरने काढलेली ही पद्धत १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबात सुरू झाली. त्यात फटक्यांची बेरीज नसते, गुण असतात. आपल्या हँडिकॅपचे माफ फटके वजा करून पार केला तर दोन, एक जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. आणि अगदीच वाट लागली तर शून्य. शून्य झालं की बॉल उचलायचा, खिशात टाकायचा, पुढच्या होलवर नवा जन्म. सातव्या होलवर भावोजींना नऊ लिहायची गरजच नव्हती! शून्य लिहून ते हसत पुढे जाऊ शकले असते. मी हे आधीही सुचवलं होतं. त्यावर उत्तर काय, तर "ते म्हाताऱ्यांचं गोल्फ."

म्हणजे बघा, उघडपणे कच्चं लिंबू व्हायला लाज वाटते, पण लपून रडी खायला वाटत नाही.

गिमीचंही तेच. मूळ कल्पना किती सुंदर आहे! १९६९ च्या रायडर कपात शेवटच्या होलवर ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा दोन-तीन फुटांचा पट राहिला होता. सगळा सामना त्याच्यावर. अमेरिकेच्या जॅक निकलॉसने त्याचा बॉल-मार्कर उचलला आणि पट दिल्याचं सांगितलं. सामना १६-१६ असा बरोबरीत सुटला. निकलॉसचा स्वतःचा कर्णधार सॅम स्नीड त्यावर नाराज होता म्हणतात, ते सोडा. मुद्दा असा की गिमी समोरच्याने द्यायची असते, तीही समोरासमोरच्या सामन्यातच. जिथे फटक्यांची बेरीज मोजतात तिथे ती नाहीच. स्वतःच स्वतःला गिमी देणं म्हणजे ऑफिसात स्वतःच रजेचा अर्ज लिहून स्वतःच मंजूर करण्यासारखं आहे.

उलट्या दिशेने चोरी करणारेही असतात. वर्षभर मुद्दाम वाईट आकडे लावून हँडिकॅप फुगवायचा आणि क्लबच्या स्पर्धेत मिक्सर जिंकून न्यायचा. अशा एकाच्या घरी मी तीन मिक्सर बघितलेत. भावोजी निदान तसे नाहीत, हे इथे नमूद करतो.

आता गोल्फवाल्यांच्या लाडक्या गोष्टीकडे येतो. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सचा बॉल रफमध्ये किंचित हलला. कुणीही पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावरच सोडला. त्याने स्वतःवर एक फटका दंड लावला. शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो विली मॅकफार्लेनकडून एका फटक्याने हरला. ही गोष्ट प्रत्येक क्लबच्या बारमध्ये दुसऱ्या पेगनंतर सांगितली जाते, आणि मग सगळे माना डोलावतात. सभ्य माणसांचा खेळ! खुद्द जोन्सला मात्र या कौतुकाचा राग यायचा. बँक लुटली नाही म्हणून कुणी माणसाची पाठ थोपटतं का, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाल्याचं सांगतात.

मला त्या माना डोलावणाऱ्यांचं हसू येतं. आपल्याकडचा सभ्यपणा कसा चालतो ते सांगतो. साहेबांचा बॉल झाडाच्या मुळाशी जातो. साहेब मागून सावकाश येतात. कॅडी पुढे पोचलेला असतो. साहेब पोचेपर्यंत बॉल गवतावर छान बसलेला असतो. हे काम पायाच्या अंगठ्याने होतं, खाली न वाकता. साहेबांनी काहीच केलेलं नसतं, काही पाहिलेलंही नसतं. आणि मग हेच साहेब म्हणतात, "हे कॅडी लोक फार लबाड." अहो, त्यांची टिप तुमच्या मूडवर ठरते! मूड तुमच्या स्कोअरवर ठरतो. अंगठा त्यांचा असला तरी हलवणारे तुम्हीच. खेळ त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतो. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर कॅडी म्हणूनच वाढला होता.

हे मला इतकं तपशिलात कसं माहीत, असं विचाराल. तेच सांगायचं होतं.

मागच्या वर्षी डिसेंबरात मी ८९ केले. आठवतं ना? कार्डाचा फोटो इथेच टाकला होता. डोंबिवलीच्या मावशीने फोन करून "किती पैसे मिळाले?" विचारलं होतं. अमेरिकेतल्या दोघा ब्लॉगर मित्रांनी प्रतिक्रियांमध्ये फुलं टाकली होती. तर त्या दिवशी चौदाव्या होलवर माझा बॉल बाभळीच्या बुंध्याला टेकून थांबला होता, हे मी लांबून स्पष्ट पाहिलं होतं. मी पोचलो तेव्हा तो बुंध्यापासून हातभर अलीकडे होता. मी मामांकडे पाहिलं. (आमचे कॅडी. वय माझ्याहून जास्त, म्हणून मामा.) मामा आकाशाकडे बघत होते. मी सहा नंबरचं आयर्न काढलं आणि मारला. सुरेख बसला. होल संपल्यावर मामांनी कार्ड काढलं आणि विचारलं, "साहेब, किती लिहू?"

'किती झाले' नाही. 'किती लिहू'.

मी "पाच" म्हणालो.

कॅडीने हलवलेला बॉल जागेवर न ठेवता तसाच मारला तर दोन फटके दंड. म्हणजे ते पाच नव्हते, सात होते. ८९ चे ९१. त्याशिवाय त्या दिवशी दोन-तीन गिम्या मी स्वतःलाच दिल्या होत्या, त्यातले किती पट खरोखर गेले असते देव जाणे. नव्वदच्या आत मी कधीच आलेलो नाही. तेव्हा ज्यांनी ज्यांनी अभिनंदन केलं त्यांना ते साभार परत. तो फोटो मी आज काढून टाकलाय.

भावोजी म्हणतील, मग इडलीच्या टेबलावर एवढा आवाज कशाला चढवलास? तुझे हात कुठे स्वच्छ होते? बरोबर आहे. आवाज चढवला त्याबद्दल मनापासून माफी मागतो, चारचौघांत तसं बोलायला नको होतं. पण नऊ ते नऊच होते, भावोजी. माझे सात हे सातच होते तसे.

१९९९ मध्ये कार्नुस्टीला जाँ व्हान द वेल्ड नावाच्या फ्रेंच माणसाकडे शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी होती. सहा लागले असते तरी ब्रिटिश ओपन त्याची होती. याने ड्रायव्हर काढला. मग रफ, मग ओढा. बूट-मोजे काढून तो पाण्यात जाऊन उभा राहिला, सगळं जग टीव्हीवर बघत होतं. सात झाले, प्लेऑफमध्ये हरला. लोक त्याला मूर्ख म्हणतात. मला तो फार आवडतो. भावोजींचा खेळ अगदी असाच आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासोबत खेळताना जी मजा येते ती माझ्यासारख्या भित्र्यांच्या चौकडीत येत नाही. गेले सहा रविवार फार कंटाळवाणे गेले.

मामांशी बोललोय. म्हटलं, यापुढे माझ्या बॉलला पाय लावायचा नाही, टिप आधीच ठरवून देईन, स्कोअर काहीही होवो. मामा म्हणाले, "बघू साहेब. पहिल्या झाडापर्यंत सगळेच असं म्हणतात."

ताई, त्यांना सांग, येत्या रविवारी सहा चाळीसचा टी टाइम घेतलाय. चौथी जागा रिकामी ठेवलीये. स्टेबलफर्ड खेळू, आणि त्या दिवसाचा नाश्ता माझ्याकडून.